दारूच्या दाण्याचा आकार

एक किलो सुकं लाकूड जळताना जितकी ऊर्जा देतं, तिच्या जेमतेम पाव हिस्सा ऊर्जा एक किलो बंदुकीच्या दारूत असते. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा विश्वासच बसत नाही. लाकडाला जळायला बाहेरची हवा लागते. दारू मात्र आपला ऑक्सिजन स्वतःच्या रेणूंतच बाळगते, म्हणून काडतुसाच्या चहूबाजूंनी बंद असलेल्या पितळी पुंगळीतही ती पेटते आणि पेट घेतल्यावर काम उरकायला तिला एक-दोन मिलिसेकंद पुरतात. बंदुकीच्या शास्त्रातलं सगळं नवल या वेळेत दडलेलं आहे.

वसईजवळच्या मनवेलपाड्यात राहणाऱ्याला दारूची गोष्ट वसईपासून सांगावीशी वाटणारच. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईच्या किल्ल्याच्या सान सेबास्तियन बुरुजाखाली सुरुंग उडवले आणि किल्ला पडला. ती काळी दारू होती : साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, धूर आणि काजळी होऊन राहतो. कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवाना असलेली ठासणीची बंदूक अजूनही भेटते. तिच्या मालकाला नळीतली ही काजळी चांगलीच ठाऊक असते. दारू, गच्च ठासण्याचा गज, छर्रे आणि केप : प्रत्येक बार तो स्वतः भरतो.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली. पुढची पाच वर्षं संपायच्या आत नोबेलचं बॅलिस्टाइट आणि इंग्रजांचं कॉर्डाइट आलं. या नव्या दारूचा एक स्वभाव जुन्या दारूपेक्षा अगदी वेगळा होता. दाब वाढला की ती जास्त वेगाने जळते, आणि जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. या चढत्या चक्राला आवर घालणारी एकच गोष्ट पुंगळीच्या पुढे असते, ती म्हणजे गोळी. गोळी पुढे सरकली की मागे जागा होते आणि दाब सैल पडतो. दारू फार लवकर जळली तर गोळी अजून जागच्या जागी असते आणि रायफल फुटू शकते. फार सावकाश जळली तर गोळी नळीबाहेर पडली तरी दारू जळतच राहते आणि तिचा उपयोग फक्त नळीच्या तोंडाशी भडका उडवायला होतो.

मग दारूचा वेग ठरवायचा कसा? रसायन फारसं न बदलता, दाण्याचा आकार बदलून! मला यातली सर्वात देखणी गोष्ट हीच वाटते. दाणा फक्त पृष्ठभागावरून जळतो, थरामागून थर. भरीव दोरीसारखा दाणा जळत बारीक होतो, तसा त्याचा पृष्ठभागही घटतो आणि वायू कमी होत जातो. त्याच दोरीच्या मधोमध आरपार भोक पाडलं, तर बाहेरून घटणारा पृष्ठभाग आतून वाढत राहतो आणि हिशेब जवळजवळ सारखा राहतो. सात भोकं पाडली तर पृष्ठभाग वाढतच जातो, म्हणजे गोळी पुढे पळते तसा वायूही वाढत्या प्रमाणात निर्माण होतो. म्हणून अनेक मोठ्या तोफांच्या दारूच्या दाण्यांना सात भोकं असतात. रायफलीच्या बारीक दाण्यावर त्याशिवाय वेग रोखणाऱ्या पदार्थाचा पातळ थर चढवतात, म्हणजे सुरुवातीचा जाळ मंद राहतो. वरून ग्राफाइट लावलेलं असतं, त्याने दाणे सुटे वाहतात आणि स्थिर विजेची ठिणगी पडत नाही. ब्रिटिशांच्या .३०३ काडतुसात कॉर्डाइटच्या काड्यांची जुडी असे. ती अरुंद मानेतून आत जाईना, म्हणून पुंगळीची मान आवळण्याआधीच जुडी आत ठेवत!

आता आपल्या देशातलं काडतूस घेऊ. ब्रिटिश सरकारने .३०३ हे लष्करी काडतूस सामान्य माणसाच्या हाती जाऊ दिलं नाही. त्या पोकळीत शिकाऱ्यांच्या वाट्याला आलं .३१५, म्हणजे ऑस्ट्रिया-हंगेरीचं ८ मिलिमीटर मानलिखर. १८८८ मध्ये त्याचा पहिला अवतार काळ्या दारूवर चालायचा आणि दोनच वर्षांत तो नव्या दारूवर गेला, म्हणजे दारू बदलणं हे या काडतुसाच्या जन्मातच आहे. जगात इतरत्र ते दुर्मीळ झालं, पण ईशापूरच्या रायफल फॅक्टरीच्या .३१५ रायफली इथे परवानाधारकांकडे आजही असतात, आणि त्यांची काडतुसं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात, १८६९ पासून चालू असलेल्या त्याच कारखान्यात, तयार होतात.

अशा कमी चालणाऱ्या काडतुसासाठी छापील तक्ते तुटपुंजे असतात. परदेशी हौशी मंडळी, ज्यांना काडतूस स्वतः भरायची कायद्याने मुभा आहे, ती आधी मिळतीजुळती काडतुसं शोधतात : पुंगळीत किती जागा आहे, नळी किती रुंद आहे, गोळी किती जड आहे. .३१५ ची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची. जड गोळी हलायला वेळ घेते, म्हणून दारू अंमळ सावकाश हवी. नळी मात्र रुंद आहे, त्यात वायूला पसरायला जागा लवकर मिळते, म्हणून फार सावकाशही नको. उत्तर मध्यम वेगाकडे झुकतं. मग विश्वासार्ह प्रयोगशाळेने दिलेल्या किमान मापापासून सुरुवात, थोडी-थोडी वाढ, प्रत्येक गोळीचा वेग क्रोनोग्राफने मोजणं, आणि पुंगळीच्या बुडावर जास्त दाबाच्या खुणा दिसतात का हे डोळ्यांत तेल घालून पाहणं. दोन दारू दिसायला अगदी सारख्या असू शकतात, त्यामुळे डब्यावरच्या नावाशिवाय कुठलाही दाणा ओळखीचा मानायचा नाही. दारू कमी घातली की धोका टळला असं मानणं चुकीचं आहे. पुंगळीत फार जागा रिकामी राहिली तर दाणे कुठे पडलेत यावर पेट कसा घेणार ते ठरतं आणि प्रत्येक बार वेगळा निघतो.

उष्णतेची गोष्ट तर भारताच्या उन्हात चांगलीच कळली. इंग्लंडात भरलेली मोठ्या शिकारीची काडतुसं इथल्या उन्हात तापली की दाब वाढायचा आणि रिकामी पुंगळी चेंबरमध्ये अडकून बसायची. वाघासमोर दुसरी गोळी भरता येत नाही, याचा अर्थ काय हे सांगायला नको. म्हणून तिकडच्या कारखान्यांनी उष्ण प्रदेशांसाठी कमी भराची खास काडतुसं काढली, आणि १९०२ मध्ये जेफरी या बंदूक बनवणाऱ्या कंपनीने आपलं .४५०/४०० काडतूस बाजारात आणलं, तेही अडकण्याच्या या त्रासावर उपाय म्हणून.

आपल्याकडे परवान्याशिवाय घरी काडतूस भरणं शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार शिकारीलाही बंदी आहे. म्हणजे हे काम कारखान्यातच होतं, आणि तिथे ते जास्त विलक्षण आहे. दारूचा प्रत्येक नवा लॉट जुन्यापेक्षा किंचित वेगळा जळतो. म्हणून काडतुसाच्या कारखान्यात ठरवलेलं असतं ते दारूचं वजन नव्हे, तर दाब आणि वेग. लॉट तपासायचा, नळीतला दाब मोजायचा आणि त्यानुसार भर बदलायचा. त्यामुळे एकाच जातीच्या, पण वेगळ्या वर्षी बनलेल्या दोन काडतुसांत दारूचं वजन वेगळं असूनही गोळी सुटते ती जवळपास एकाच वेगाने.