उसाचे इथेनॉल आणि जुन्या जीपची रबरी नळी



महाशिवरात्रीला कुणकेश्वरला जायचा आपल्या भागातील पुष्कळ सभासदांचा नेम आहे. गेल्या यात्रेला आम्हीही गटातल्या एका कुटुंबाबरोबर त्यांच्या जुन्या पेट्रोल जीपमधून गेलो. घाट उतरून देवगड तालुक्यात समुद्रकाठच्या देवळाशी पोचलो. बायका-पोरं रांगेला लागली आणि आम्हाला पेट्रोलचा वास आला.

"आबा, वास कसला येतोय?"

"आवं सायेब, जुनी गाडी हाय. वास यायचाच."

वाकून पाहिले तर रबरी नळीला भेगा पडलेल्या, त्यातून पेट्रोल पाझरतेय, आणि गरम सायलेन्सरचा पाइप तिथून जेमतेम वीतभर! याच गाडीत दोन लेकरांसह नऊ माणसे घाट उतरून आली होती.

बोटींची इंजिने दुरुस्त करणारे एक मेस्त्री तिथे भेटले. नळी दाबून म्हणाले, "ह्यो पायप कधी फुटात सांगूक येणा नाय. बदला. पण लोखंडी घातल्यात तर खारो वारो इसरू नकात." त्यांनी तात्पुरती नवी नळी बसवून दिली, म्हणून सुखरूप परत आलो.

रबर का सडते?

याचा संबंध आपल्या उसाशीच आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग २००१ साली सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या ठिकाणांत आपल्या जवळचे मिरज होते. २००३ पासून ५ टक्के, २०२२ मध्ये १० टक्के आणि आता २० टक्क्यांपर्यंत मिश्रण आले आहे. आपल्या मळीला आणि रसाला त्यामुळे किंमत मिळते, ही आनंदाचीच गोष्ट. पण जुन्या गाडीतले रबर या मिश्रणासाठी बनवलेले नाही. इथेनॉलने ते फुगते, मऊ पडते आणि वाळले की चिरते. फवारणी पंपाचा वॉशर जसा औषधाने जातो, तसेच हे.

आबांच्या जीपला मूळची नळी पोलादीच होती. ती गंजल्यावर कोणीतरी टाकीपासून पंपापर्यंत सलग रबर टाकले होते. असे आपल्याकडे कितीतरी गाड्यांत आहे.

काम कसे करावे?

गावी आल्यावर आबांनी गॅरेजमध्ये पोलादी नळी करून घेतली. आम्ही शेजारी उभे राहून जे पाहिले ते असे :

१) आधी बॅटरीची वायर काढावी, टाकी रिकामी करावी. जवळ विडी-काडी नको, वेल्डिंग तर मुळीच नको.

२) नळी जुन्या मापाचीच घ्यावी. तांब्याची घेऊ नये. हादऱ्याने तांबे कडक होऊन तडकते.

३) नळीच्या तोंडाला फुगीर कडा काढून घ्यावी, म्हणजे वर चढवलेले रबर निसटत नाही.

४) नळी चासीला हात-दीड वितीवर क्लिपांनी बांधावी, क्लिपेखाली रबरी पट्टी द्यावी. सायलेन्सरपासून लांब न्यावी, नाही तर पेट्रोल तापून वाफ धरते आणि गाडी चढाला बंद पडते.

५) इंजिन हलते, चासी हलत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये थोडे रबर ठेवावेच लागते. ते मात्र इथेनॉल चालणारे, एस.ए.ई. जे-३० आर-९ छापाचे घ्यावे आणि दर वर्षी तपासावे.

६) शेवटी इंजिन चालू करून प्रत्येक सांध्याखाली पांढरा कागद धरावा. डाग पडला तर सांधा पुन्हा करावा.

मेस्त्रींचे दुसरे बोलणेही ध्यानात ठेवावे. समुद्रावरून आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी, नळीला रंग मारावा. इथेनॉल पाणी ओढून घेते, ते टाकीच्या तळाशी साचले तर नळी आतूनही गंजते. म्हणून गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी भरलेली ठेवावी.

पोलादी नळी घातली म्हणजे कायमचे निभावले असे नाही, पण धोक्याची जागा चार हातांवरून वीतभरावर येते आणि तेवढीच नजरेखाली ठेवावी लागते. यंदाच्या यात्रेला निघण्यापूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या जुन्या गाडीखाली एकदा वाकून पाहावे. पेट्रोलचा वास आला तर "जुनी गाडी हाय" म्हणून सोडून देऊ नये, एवढीच आमची विनंती.

— ऊस विकास अधिकारी