रूळ टाकणाऱ्यांची हजेरी

विरारकराला एक तारीख तोंडपाठ असते : 12 एप्रिल 1867. त्या दिवशी सकाळी पावणेसातला विरारहून सुटलेली गाडी मुंबईच्या बॅकबेपर्यंत गेली आणि पश्चिम रेल्वेच्या उपनगरी वाहतुकीची सुरुवात झाली. तेव्हा दिवसाकाठी एकच गाडी होती, सकाळी जाणारी आणि संध्याकाळी परतणारी. आज विरार लोकलमध्ये शिरायला मिळाले तरी माणूस स्वतःला भाग्यवान समजतो.

त्याच विरारच्या पूर्वेला आता नव्या रेल्वेची बांधकामे चालू आहेत. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या 508 किलोमीटरच्या मार्गावर बारा स्थानके आहेत, त्यांतले एक विरार. पुढे वैतरणेवर सव्वादोन किलोमीटरहून लांब पूल येतो आहे आणि विरार-बोईसरदरम्यानच्या डोंगरांत बोगदे खोदले जात आहेत. दिल्लीजवळच्या दादरीहून जेएनपीटी बंदराकडे जाणारा मालगाड्यांचा स्वतंत्र मार्गही वसई तालुक्यातूनच जातो. या कामांवर स्थानिक माणसे आहेत, तशीच बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, बंगालमधूनही आलेली आहेत. पत्र्याच्या लेबर कॅम्पात राहायचे, ठेकेदाराच्या गाडीने साइटवर जायचे आणि काम संपले की पुढच्या साइटकडे निघायचे, असा त्यांचा क्रम आहे. रेल्वे बांधणारा मजूर सहसा त्या गावचा नसतो. दीडशे वर्षांपूर्वीही नव्हता.

विरारमधून जाणारा मूळ मार्ग बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा. 1855 मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने काम गुजरातेत सुरू केले, 1860 मध्ये अंकलेश्वर-उतराण हा तुकडा उघडला आणि मग रूळ दक्षिणेकडे आणले. 1864 च्या अखेरीस गाडी ग्रँट रोडपर्यंत आली. डोंगर टाळून समुद्रकाठाने येणाऱ्या या मार्गाची खरी परीक्षा खाड्यांवर झाली. कंपनीचे सल्लागार अभियंता कर्नल जे. पी. केनेडी यांनी साठ फुटी गाळ्यांच्या लोखंडी तुळया सगळीकडे सारख्याच मापाच्या ठरवल्या. तुळया विलायतेहून जहाजाने यायच्या आणि इथे जोडल्या जायच्या. खाली चिखलात ओतीव लोखंडाचे पोकळ खांब रोवायचे होते. खांबाच्या टोकाला स्क्रूसारखे पाते असे. वरच्या बाजूला लांब दांडे आडवे बांधून ते गोल फिरवले, की खांब गाळात उतरत जाई. वसईच्या खाडीवर, पाणजू बेटाच्या दोन्ही अंगांना, अशा खांबांवर पूल उभे राहिले. आराखडा विलायतेत झाला, लोखंडही तिकडून आले. खांब चिखलात उतरला तो मजुरांच्या बळावर.

या मजुराचे आयुष्य कसे होते, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या भोर घाटात. 1853 मध्ये बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, तरी सह्याद्री ओलांडल्याशिवाय तिला पुढे अर्थ नव्हता. कापूस घाटावर आणि बंदर घाटाखाली, हा पेच होता. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी आखलेला भोर घाटाचा चढ पावणेसोळा मैलांचा. तेवढ्यात गाडीला 1,831 फूट वर जायचे होते. त्यासाठी पंचवीस बोगदे लागले. काही ठिकाणी दर सदतीस फुटांना एक फूट इतका चढ ठेवावा लागला. डोंगराच्या एका सोंडेवर तर गाडीला वळायलाच जागा नव्हती, म्हणून तिथे रिव्हर्सिंग स्टेशन केले. गाडी तिथवर यायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि उलट्या दिशेने पुढची चढण सुरू व्हायची.

1856 मध्ये काम सुरू झाले. जिथे पाय ठेवायला कपार नव्हती तिथे माणसे दोराने कड्यावरून खाली सोडत. लोंबकळत त्यांनी पहारीने भोके पाडायची, सुरुंगाची दारू ठासायची आणि वर खेचले जायचे. पावसाळ्यात काम जवळजवळ बंद पडे, त्यामुळे दरवर्षी माणसे पांगत आणि दिवाळीनंतर नव्याने जमवावी लागत. वडार, बेलदार, गवंडी, देशावरचे नि कोकणातले शेतमजूर बायकामुलांसह येत. पुरुष फोडत, बायका पाट्या वाहत. जानेवारी 1861 मध्ये या एका घाटात 42,000 माणसे कामावर होती. तेव्हाच्या महाराष्ट्रात एवढ्या वस्तीची शहरेही मोजकीच होती. इथे मात्र ही वस्ती उघड्या डोंगरावर होती, पिण्याचे पाणी नि शौचाची सोय यांचा पत्ता नसलेली. पटकीच्या साथीने तिथे माणसे कापून काढली.

पैसा वरून खाली येताना झिरपत यायचा. कंपनी कंत्राटदाराला देई, कंत्राटदार पोटकंत्राटदाराला, तो मुकादमाला आणि मुकादम मजुराला. उचल घेऊन आलेल्या मजुराच्या हाती शेवटी काय पडेल हे मुकादमाच्या मर्जीवर. जानेवारी 1859 मध्ये थकलेल्या आणि कापलेल्या मजुरीवरून भोर घाटातले मजूर भडकले आणि देखरेख करणाऱ्या गोऱ्यांशी त्यांची मारामारी झाली. कंत्राटदार विल्यम फेव्हिएल यांनी त्याच वर्षी कंत्राट सोडले. सरकारने पाठोपाठ दोन कायदे केले. 1859 च्या कायद्याने उचल घेऊन काम सोडणारा कारागीर नि मजूर शिक्षेस पात्र ठरला. 1860 च्या कायद्याने रेल्वे व सार्वजनिक कामांवरील मालक-मजूर तंट्यांचा झटपट निकाल लावण्याचे काम मॅजिस्ट्रेटकडे दिले. मजुराला मजुरीसाठी दाद मागायची वाट मिळाली. पळून गेला तर तुरुंगाचीही मिळाली.

फेव्हिएलनंतर सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार आले आणि मुंबईत पाऊल ठेवल्यावर काही आठवड्यांतच वारले. त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी कंत्राट न सोडता व्यवस्थापक नेमून ते तडीस नेले. 1863 मध्ये घाट खुला झाला. बर्कली तो पाहायला उरले नव्हते. आदल्या वर्षी इंग्लंडात त्यांचे निधन झाले होते. या तिघांची नावे पुस्तकांत आहेत, आणि ती असावीतच. पण त्या घाटात किती मजूर मेले, याचे उत्तर अंदाजानेच द्यावे लागते. पंचवीस हजार हा आकडा वारंवार सांगितला जातो. नाव एकाचेही सांगितले जात नाही. लोकांनी आपल्या परीने एक नाव जपले आहे, शिंग्रोबाचे. साहेबाला घाटाची वाट दाखवणारा आणि बक्षीस म्हणून गोळी खाणारा हा धनगर आख्यायिकेतला. त्याच्या देवळापुढे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचे वाहनचालक आजही नाणे टाकतात.

थळ घाटातून जाणारा दुसरा मार्ग 1865 मध्ये इगतपुरीला पोहोचला आणि 7 मार्च 1870 रोजी जबलपूरला जोडणी होऊन मुंबई-कलकत्ता रेल्वे सलग झाली. त्याच्या दहा महिने आधी, 10 मे 1869 रोजी, अमेरिकेत युटामधल्या प्रॉमंटरीला पूर्व-पश्चिम रूळ जुळले होते. त्या मार्गासाठी सिएरा नेवाडाचे ग्रॅनाइट फोडले ते हजारो चिनी मजुरांनी. विरारची पहिली गाडी सुटली त्याच वर्षी, जून 1867 मध्ये, गोऱ्यांइतकी मजुरी नि कमी तास मागत त्यांनी संप केला. कंपनीने त्यांची रसद तोडली आणि आठवड्याभरात संप मोडला. त्यांच्यापैकी किती मेले, हाही आकडा अंदाजाचाच.

युगांडा रेल्वेचे उदाहरण याच्या उलट आहे. 1896 ते 1901 या काळात मोंबासाहून आत जाणाऱ्या त्या मार्गासाठी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, 31,983 मजूर नेले. त्यांतले 2,493 मेले. हा आकडा शेवटच्या माणसापर्यंत सांगता येतो, कारण प्रत्येक जण करारावर गेला होता आणि करारामागे सरकारी कागद होता. साम्राज्य तेच होते आणि वागणूक तिथेही कठोरच होती. मोजणे बंधनकारक होते, म्हणून मोजले गेले.

स्वतंत्र भारतात आपण यात पुढे गेलो आहोत. कोकण रेल्वेच्या बांधणीत 1990 ते 1998 या काळात 74 जणांचा बळी गेला आणि त्यांच्यासाठी रत्नागिरीत श्रमशक्ती स्मारक उभारले आहे. बांधकाम मजुरांसाठी 1996 पासून कल्याणकारी मंडळाची तरतूद आहे. बांधकामखर्चावर एक टक्का उपकर त्यासाठीच घेतला जातो. पण मंडळात नोंद व्हायची तर वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो. चार महिन्यांत तीन साइट बदलणाऱ्याला तो कोणत्या ठेकेदाराने द्यायचा? 2020 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या टाळेबंदीत, वसईच्या सनसिटी मैदानात गावी परतण्याच्या श्रमिक गाडीसाठी हजारो मजूर उन्हात रांगा लावून बसले होते. टाळेबंदीत वाटेवर किती स्थलांतरित मजूर मेले, असा प्रश्न त्या सप्टेंबरात संसदेत आला, तेव्हा अशी माहिती ठेवली जात नाही, असे सरकारचे उत्तर होते. 1861 च्या घाटातून आलेले वाटावे असे ते उत्तर.

बुलेट ट्रेनचे विरार स्थानक अजून बांधून व्हायचे आहे, म्हणून ही गोष्ट आत्ताच सांगण्यासारखी आहे. कोणत्याही मोठ्या कामावर आज हजेरीपट असतो, प्रवेशपत्र असते, अपघाताची नोंद असते. ही कागदपत्रे काम संपल्यावर ठेकेदाराबरोबर गावोगाव पांगतात. ती एकत्र करून जपणे फार खर्चाचे नाही. स्थानक खुले होईल तेव्हा मंत्र्यांच्या नावाची कोनशिला बसेलच. तिच्या शेजारी या टप्प्यावर राबलेल्यांची नावे, त्यांच्या जिल्ह्यांसह, लावता येतील. वसई-विरारच्या लोकप्रतिनिधींनी, महापालिकेने आणि आपण नागरिकांनी ही मागणी काम चालू असतानाच करावी. नंतर मागितली, तर पुन्हा अंदाजच हाती येतील.