भीमेच्या काठचा सम्राट अशोक

भीमा म्हटली की आम्हाला भीमा कोरेगाव आठवते. परंतु हीच नदी पुढे कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यातील सन्नतीजवळ आमचा त्याहून जुना इतिहास सांगते.

१९८६ साली तेथील चंद्रलांबा मंदिराच्या आवारातील कालीमंदिराचे छत कोसळले. मूर्तीखालची शिळा पाहिली, तर तो सम्राट अशोकाचा शिलालेख निघाला! मूर्ती बसविण्यासाठी शिळेच्या मधोमध भोक पाडलेले. त्यात अक्षरे गेली. त्याच शिळेवर अशोकाचा बारावा लेख आहे. दुसऱ्याच्या पंथाचाही मान राखा, असे तो सांगतो. ज्याने हे सांगितले, त्याच्याच शब्दांवर घाव पडला!

जवळच कनगनहळ्ळीला १९९० च्या दशकात पुरातत्त्व खात्याने महास्तूप उकरला. तेथे राजा-राणीच्या शिल्पावर ब्राह्मीत 'राजा अशोक' अशा अर्थाचे शब्द कोरलेले आहेत. पण उत्खननानंतर ही शिल्पे कित्येक वर्षे उन्हापावसात पडून होती.

सरकारला जाब विचारलाच पाहिजे. परंतु आम्ही तरी तेथे किती वेळा गेलो? दीक्षाभूमीला जाणाऱ्या पावलांनी एकदा सन्नतीची वाट धरावी. गावच्या शेंदूर फासलेल्या दगडावर अक्षरे दिसली, तर त्याला हात न लावता पुरातत्त्व खात्याला कळवावे. वारसा जपणाऱ्याचाच असतो.