जुन्या स्पोर्ट्स कारची पारख

अहिल्यानगर येथे लष्कराच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलने 1994 मध्ये उभारलेल्या रणगाडा संग्रहालयात पॅटन, सेंच्युरियन अशा रणगाड्यांच्या सोबतीला एक चिलखती मोटार उभी आहे, आणि जुनी गाडी विकत घेऊ इच्छिणाऱ्याने दलालाची पायरी चढण्यापूर्वी तिच्यासमोर थोडा वेळ काढावा, इतकी ती बोधक आहे. तिच्यावर पोलादी कवच व फिरता बुरूज असला, तरी खाली रोल्स-रॉइसच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ची चासी, म्हणजे ज्यावर इंजिन, धुरे व चाके बसवली जातात तो मूळ लोखंडी सांगाडा आहे. त्या काळी ही कंपनी केवळ चासी विकत असे आणि बॉडी स्वतंत्र कारागीर घडवीत. म्हणूनच ज्या जातीच्या एका खुल्या गाडीने 1908 मध्ये मुंबई-कोल्हापूर मार्गावरील घाटांची चाचणी जिंकली आणि जी पुढे ग्वाल्हेरच्या महाराजांकडे गेली, तीच जात पहिल्या महायुद्धात चिलखत लेऊन वाळवंटात धावली. बॉडी बदलली तरी गाडी तीच राहते, मात्र चासी बदलली की गाडीची ओळखच बदलते.

स्पोर्ट्स कारच्या खरेदीत हा भेद फार महाग पडू शकतो, कारण साध्या कौटुंबिक गाडीच्या चासीवर दोन आसनांची उघडी बॉडी चढवणे पत्र्याच्या कसबी कारागिराला अवघड नसते. 1945 ते 1949 या काळात सुमारे 10,000 संख्येने बनलेली ‘एमजी’ कंपनीची ‘टीसी’ ही स्पोर्ट्स कार उदाहरणादाखल घेता येईल. तिचे चासी क्रमांक 0251 पासून सुरू होतात, कारण कंपनीच्या ॲबिंग्डन येथील कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक 251 होता. तिचे 1250 सीसीचे इंजिन त्याच कंपनीच्या ‘वाय’ या घरगुती गाडीतही थोड्या फरकाने बसवलेले असे, त्यामुळे बॉनेट उघडून योग्य दिसणारे इंजिन आढळले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. इंजिनाचा क्रमांक मूळ नोंदीशी जुळला, तरच ती ‘मॅचिंग नंबर’ची गाडी ठरते आणि किमतीत मोठा फरक पडतो.

क्रमांकाची पट्टी नवी करून मिळते, चासीवर ठोकलेला आकडा मात्र सहज लपत नाही. आरटीओच्या कामासाठी कागद ठेवून त्यावर पेन्सिल घासून चासी क्रमांकाचा ठसा घेतात, तसाच ठसा खरेदीदारानेही घ्यावा, आणि आकड्यांभोवतीचा रंग उतरवून तेथे ग्राइंडर फिरवल्याच्या समांतर रेषा, वेल्डिंगची कड किंवा आकड्यांच्या उंचीतील विसंगती आहे का, हे भिंगाने पाहावे. येथे शंका उरली, तर रंग कितीही चकचकीत असला तरी सौदा सोडणेच योग्य.

यानंतर लाकूड तपासावे. टीसीच्या पत्र्याखाली ॲश जातीच्या लाकडाची चौकट असते, आणि ती कुजली की उघडलेले दार टोकाशी धरून वर उचलताच बिजागरीसह खांबही हलतो. अकोले तालुक्याचा पश्चिम भाग वगळता अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेचा असल्याने येथे वर्षानुवर्षे राहिलेल्या गाडीला मुंबईच्या खाऱ्या हवेतील गाडीइतका गंज लागत नाही. परंतु कोरड्या उन्हाने लाकडाचे सांधे सैल होतात आणि बंद शेडमध्ये वाळवीचाही धोका असतो. पत्र्यावर लोहचुंबक फिरवावा. तो जेथे पकड सोडतो, तेथे रंगाखाली पुटीचा जाड थर आहे असे समजावे. इंजिनाचे कॉम्प्रेशन, तेलाचा दाब व धूर यांची तपासणी अनुभवी मेकॅनिककडे सोपवता येते, आणि त्यातील बहुतेक दोष पैसे खर्चून दूर होतात.

कागदपत्रांच्या बाबतीत ‘विंटेज’ शब्दाचा अर्थ स्पष्ट हवा. आंतरराष्ट्रीय वर्गवारीत तो 1919 ते 1930 मधील गाड्यांपुरता आहे, तर भारतात 2021 च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला 50 वर्षे झालेली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात मोडते. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते, परंतु त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.