दोन मध्यंतरांची संध्याकाळ

कॉव्हेंट गार्डनच्या रॉयल ऑपेरा हाउसला जाताना माझ्या पिशवीत एक छोटी वही असते. पडदा वर जाण्याआधी डाव्या पानावर लिहायचं, आज मी कशाची वाट पाहतेय. घरी परतताना, ट्यूबमध्ये बसल्यावर, उजव्या पानावर लिहायचं, काय मिळालं. 'स्वान लेक'ला ही वही लागत नाही. तिथे काय येणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. काळ्या हंसिणीच्या बत्तीस गिरक्या मोजायला माणसं तयारीनेच बसलेली असतात. वही लागते ती ट्रिपल बिलला. एका संध्याकाळी तीन स्वतंत्र, छोट्या रचना आणि त्यांच्यामध्ये दोन मध्यंतरं. तिन्हींचे रचनाकार बहुधा वेगळे, संगीत वेगळं, आणि पुष्कळदा सांगण्यासारखी गोष्ट एकीतही नसते.

मार्च २०१७च्या त्या संध्याकाळच्या डाव्या पानावर एकच शब्द आहे: पाइट.

क्रिस्टल पाइट ही कॅनडाची नृत्यरचनाकार. २०१४ साली सॅडलर्स वेल्समध्ये थॉमस अॅडेसच्या संगीतावरचं तिचं 'पोलॅरिस' मी पाहिलं होतं. साठाहून अधिक नर्तक एकाच प्राण्यासारखे सरपटत होते, श्वास घेत होते. नंतर तिचं 'बेट्रॉफनहाइट' पाहिलं आणि दोन दिवस कोणाशी नीट बोलता आलं नाही. आता ती पहिल्यांदाच रॉयल बॅलेसाठी रचना करणार होती. त्या कंपनीच्या मुख्य रंगमंचासाठी एखाद्या स्त्रीने नवी रचना करण्याची वेळ १८ वर्षांनी येत होती. हा आकडा तेव्हा इथल्या प्रत्येक बॅलेप्रेमीच्या तोंडी होता, आणि तो उच्चारताना माणसांच्या आवाजात थोडा संतापही असे. मला तो संताप योग्यच वाटे.

ही वाट पाहणं फार आधीपासून सुरू होतं. पुढच्या हंगामाची यादी कित्येक महिने आधी जाहीर होते. त्या यादीत नव्या रचनेला पुष्कळदा शीर्षकच नसतं. रचनाकाराचं नाव आणि त्याच्याआधी 'नवीन' एवढा एक शब्द. स्टुडिओत अजून एक पाऊलही पडलेलं नसतं, तरी माणसं तिकिटं काढतात. म्हणजे निम्मं सभागृह तिसऱ्या, म्हणजे पाइटच्या, रचनेसाठी येणार हे ठरलेलंच होतं. प्रश्न होता तो पहिल्या दोन रचनांचा. वाट दुसऱ्याच कशाची पाहत असलेल्या माणसांपुढे काय ठेवायचं?

त्या संध्याकाळी माझ्याबरोबर आत्या होती. पुण्याहून महिनाभरासाठी आलेली, वय बहात्तर, बॅले कधी न पाहिलेली. आमच्या जागा अगदी वर, अँफिथिएटरमध्ये. कार्यक्रमपत्रिका चाळता चाळता तिने विचारलं, "यात गोष्ट काय आहे?"

"गोष्ट नाहीये आत्या. तीन वेगवेगळ्या रचना आहेत."

"अगं, मग वाट कशाची बघायची?"

मला उत्तर सुचलं नाही. तिलाच सुचलं. ती तरुणपणापासून सवाई गंधर्व महोत्सवाला जाते. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला तो महोत्सव वर्षानुवर्षं त्यांच्याच गाण्याने संपत असे. "आम्ही अण्णांसाठी थांबायचो," ती म्हणाली, "पण खरी कमाई व्हायची ती त्यांच्या आधी बसलेल्या कोणाकडून तरी, ज्याचं नाव आपण ऐकलेलं नसायचं. तिथेही गोष्ट कुठे असते? कोणानंतर कोण बसतं, एवढंच असतं."

कोणानंतर कोण, हेच मी इतकी वर्षं वहीत शोधत होते.

पहिली रचना होती डेव्हिड डॉसनची 'द ह्यूमन सीझन्स', २०१३ सालची, ग्रेग हेन्सच्या संगीतावर. किट्सच्या एका सुनीतातून आलेली. माणसाच्या आयुष्याचे चार ऋतू ही त्यातली कल्पना. नर्तकी टोशूजवर, म्हणजे टणक टोकाच्या बुटांत पायांच्या बोटांवर तोललेल्या, अंगं लवचीक आणि लांबच लांब ताणलेली, एकामागून एक उचलणं, फिरवणं, घसरवत नेणं. सुरुवातीला ठेवायला अशी रचना सोयीची असते, हे मी अनेक ट्रिपल बिल पाहून शिकले आहे. माणसं धावतपळत ऑफिसातून आलेली असतात, कोट मांडीवर, डोळे अजून फोनच्या उजेडाला सरावलेले. त्यांना आधी भरपूर हालचाल लागते, शरीर काय काय करू शकतं याचं दर्शन लागतं. मनापासून सांगायचं तर मला त्या रचनेत श्वास घ्यायला जागा मिळाली नाही. आत्या मात्र पुढे झुकून पाहत होती. पडदा पडल्यावर म्हणाली, "केवढी मेहनत!" आणि थोड्या वेळाने, "पण कोणीतरी जरा उभं राहायला हवं होतं."

ते पुढच्याच रचनेत झालं.

मध्यंतर प्रेक्षकांसाठी असतं असं आपल्याला वाटतं. ते मुळात रंगमंचासाठी असतं. मी एकदा एका ट्रिपल बिलची रंगीत तालीम दिवसाढवळ्या पाहिली होती. सभागृह अर्धं रिकामं असल्यामुळे पडद्यामागचे आवाज स्पष्ट येत होते. काहीतरी जड ओढल्याचा, ठोकल्याचा, वरून पाइप खाली येत असल्याचा. पहिल्या रचनेची जमीन एका रंगाची, दुसरीची दुसऱ्या रंगाची, म्हणून नाचायचं लिनोलियमही गुंडाळून बदलावं लागतं. खाली पिटात वादकांच्या खुर्च्या सरकतात. पहिल्या रचनेत नाचलेल्या मुलीला तिसरीतही उभं राहायचं असेल तर मधल्या वेळात तिचे स्नायू थंड पडू द्यायचे नाहीत. तीन रचनांचा क्रम लावणाऱ्याला हे सगळं आधी मांडून पाहावं लागतं. एक रचना मोठी असेल तर दुसरी थोड्याच माणसांत होणारी हवी. पाइटने ३६ नर्तक घेतले होते. मधल्या रचनेत होते फक्त सहा.

ती मधली रचना म्हणजे क्रिस्टोफर व्हीलडनचं 'आफ्टर द रेन'. न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी २००५ साली केलेलं, आर्वो पॅर्टच्या संगीतावर. पहिल्या भागात तीन जोड्या, राखाडी वेश, टोकदार रेषा, पायांत टोशूज. मग दुसऱ्या भागात फक्त एक जोडी उरते. नर्तकीचे केस मोकळे, अंगात फिका गुलाबी वेश, आणि पायांत टोशूज नाहीत. पिटात एक पियानो आणि एक व्हायोलिन, बस्स. संपूर्ण ऑर्केस्ट्रा हात मांडीवर ठेवून बसलेला. पियानो तीन तीन सुरांचे थेंब सोडत राहतो, वर व्हायोलिन लांब सूर धरतं. दोन हजारांहून जास्त माणसं त्या सभागृहात मावतात, आणि त्या आठदहा मिनिटांत कोणी खोकलंसुद्धा नाही. आत्याने माझा हात धरला होता. गाणं ऐकताना समेच्या आधी ती तसा धरते.

त्या क्षणी मला क्रम लावणाऱ्याची खरी करामत कळली. ती आधी कानांनी कळली. पहिल्या भागातलं पॅर्टचं 'टॅब्युला रासा' १९७७चं, दुसऱ्या भागातलं 'श्पीगल इम श्पीगल' १९७८चं. पाइटने घेतलेली हेन्रिक गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी १९७६ची. एस्टोनियातला एक संगीतकार, पोलंडमधला दुसरा, दोघेही पोलादी पडद्याच्या पलीकडचे, दोघेही त्याच तीन वर्षांत सूर कमी कमी करत नेणारे. गुरेत्स्कीच्या त्या सिंफनीची सुरुवात डबल बेसच्या इतक्या दबक्या आवाजात होते, की कान तयार नसतील तर पहिलं मिनिट हातातून निसटतं. पॅर्टने आमचे कान तयार करून ठेवले होते.

आणि पाय. पहिल्या रचनेत टोशूज, दुसरीच्या अर्ध्यात टोशूज, अर्ध्यात नाहीत, तिसरीत नाहीतच. संध्याकाळभर माणसं हळूहळू जमिनीवर येत होती. हे कोणी ठरवून केलं होतं की तसं घडलं, मला सांगता येणार नाही. पण प्रेक्षकाच्या अंगात ते उतरतं, त्याला कळो वा न कळो.

दुसऱ्या मध्यंतरात लोक वेगळे वागत होते. पहिल्या मध्यंतरात पेल्यांचा किणकिणाट होता, सेल्फी होत्या. आता माणसं खिडकीपाशी उभी राहून हळू आवाजात बोलत होती. माझ्या शेजारचे एक वयस्क गृहस्थ आपल्या बायकोला सांगत होते, "मी नव्या रचनेसाठी आलो होतो, पण आता घरी गेलो तरी चालेल." त्यांच्याकडे बघून मला धास्ती वाटली. मधली रचना मनात इतकी भरली, की पुढच्या नव्या कामावर अन्याय होईल असं वाटलं.

अशा शेजाराचा सर्वांत प्रसिद्ध दाखला पॅरिसचा. २९ मे १९१३च्या त्या रात्रीबद्दल आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. स्ट्राविन्स्कीचं 'राइट ऑफ स्प्रिंग', निजिन्स्कीची रचना, आणि सभागृहात आरडाओरडा. पण त्याच्या आधी काय होतं ते क्वचितच कोणी सांगतं. आधी होतं 'ले सिल्फीद': शोपँचं संगीत, पांढरे तलम झगे, चांदणं. संयोजक दियागिलेवने प्रेक्षकांना आधी त्या चांदण्यात न्हाऊ घातलं आणि लगेच पाय आत वळवून जमीन तुडवणाऱ्या माणसांपुढे आणून उभं केलं. नंतर 'ल स्पेक्त्र द ला रोझ' आणि शेवटी पोलोव्हेत्सियन नृत्यंही झाली. त्या रात्रीचा निम्मा गोंधळ शोपँने घातला असं मला वाटतं.

दुसरा दाखला इथलाच. कॉव्हेंट गार्डनच्याच या इमारतीत १९२३ साली नर्तकी अॅना पावलोवाने तिच्या कार्यक्रमात 'ओरिएंटल इम्प्रेशन्स' सादर केलं. त्यात राधा ती स्वतः होती आणि कृष्ण होता उदय शंकर, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून लंडनला चित्रकलेसाठी आलेला तरुण. छोट्या छोट्या तुकड्यांच्या संध्याकाळीत अनोळखी माणसाला जागा असते. चार अंकांच्या बॅलेत ती कोण देणार?

कंपनीला मात्र अशा संध्याकाळी परवडायला अवघड जातात. इथे ट्रिपल बिलची तिकिटं 'स्वान लेक'पेक्षा स्वस्त असतात आणि तरी ती सावकाश खपतात. डिसेंबरात 'नटक्रॅकर'चं सभागृह भरतं, त्या जोरावर मार्चमधली जोखीम घेता येते. म्हणून तीनपैकी एक नाव तरी ओढ लावणारं हवं. नोव्हेंबर २००६ मध्ये याच कंपनीने वेन मॅकग्रेगरचं 'क्रोमा' आणि व्हीलडनचं 'डीजीव्ही' ही दोन नवी कामं एकाच रात्री आणली आणि शेजारी बॅलन्शीनचं १९४६चं 'द फोर टेंपरामेंट्स' ठेवलं. 'क्रोमा'त जॉन पॉसनची पांढरीशुभ्र चौकट होती, दहा नर्तक होते, आणि द व्हाइट स्ट्राइप्सच्या रॉक गाण्यांचे ऑर्केस्ट्रासाठी केलेले अवतार होते. कमरेतून मोडणारी ती अंगं पाहून कोणी दचकलंच, तर साठ वर्षांपूर्वीचं बॅलन्शीन त्याला दाखवत होतं की कंबर तेव्हाच सरकली होती.

तिसरी घंटा झाली. पाइटच्या रचनेला आता नाव होतं, 'फ्लाइट पॅटर्न'. दिवे गेले. अंधारात कोट घातलेल्या माणसांची दाटीवाटीची रांग, सगळे एकाच दिशेला तोंड करून उभे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. डबल बेस सुरू झाले. निर्वासितांबद्दलची रचना आहे हे आत्याला मी सांगितलं नव्हतं. पाचव्या मिनिटाला ती कुजबुजली, "फाळणी." ती लहानपणी तिच्या शेजारच्या सिंधी कुटुंबाकडून काय काय ऐकत असे, ते तिने मला घरी आल्यावर सांगितलं. रांगेतले कोट एकेक करून एका बाईच्या हातांवर येऊन पडत गेले, इतके की ती त्यांच्या ओझ्याखाली वाकली. बर्फ पडलं. मागच्या भिंती मिटत गेल्या आणि ती व तिचा जोडीदार बाहेर उरले. ती बसून राहिली. तो एकटा, सगळं अंग झोकून देऊन नाचला.

घरी गेलो तरी चालेल म्हणणारे ते गृहस्थ शेवटी उभे होते, टाळ्या न वाजवता, हात रेलिंगवर ठेवून.

मी नंतर मनाशी क्रम बदलून पाहिला. 'फ्लाइट पॅटर्न' पहिलं ठेवलं असतं तर? ते पाहून बाहेर येऊन कोण पेला हातात घेईल? मध्ये ठेवलं असतं तर त्याच्यानंतरची कुठलीही सुंदर गोष्ट निलाजरी वाटली असती. ते शेवटीच बसतं. आणि शेवटी बसण्यासाठी त्याला आधी एक निवांत, दोनच माणसांची खोली लागते, जिथे आपण कोणाच्या तरी हाताचं वजन ओळखायला शिकतो. उजव्या पानावर त्या रात्री मी पाइटबद्दल एक ओळ लिहिली आणि 'आफ्टर द रेन'बद्दल दीड पान.

मे २०१९ मध्ये 'फ्लाइट पॅटर्न' परत लागलं. मी फोनवर आत्याला सांगितलं. तिला ते आठवत होतं, कोटांसकट.

"शेवटीच ठेवलंय ना?"

"हो, शेवटीच."

"बरं. मग त्याच्याआधी काय आहे, ते सांग."