टाकीतलं पाणी: जड की हलकं?

आळे गावाच्या परिसरात जमिनीच्या पोटात दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. त्याच्या फटींतून झिरपणारं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन बोअरवेलमध्ये उतरतं. कुकडी प्रकल्पाच्या धरणांत साठलेलं पावसाचं पाणी मात्र तुलनेने हलकं. त्यामुळे एकाच गावातल्या दोन फिशटँकचं पाणी निराळं असू शकतं.

जीएच आणि केएच: जीएच म्हणजे एकूण जडपणा. केएच म्हणजे आम्ल पचवणाऱ्या बायकार्बोनेटची शिल्लक. १ अंश म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने लिटरमागे सुमारे १७.९ मिलिग्रॅम.

पीएच का घसरतो? माशांच्या उत्सर्गातल्या अमोनियाचं नायट्रेट करताना फिल्टरमधले जिवाणू आम्ल सोडतात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता खर्च होते. केएच संपला की पीएच कोसळतो. तो १ अंकाने उतरला, तर आम्लता दसपट वाढते.

कोणाला काय मानवतं? गप्पी, मोली जड पाण्यात खूश. निऑन टेट्रा आणि डिस्कस यांना हलकं पाणी हवं. त्यांच्यासाठी बोअरच्या पाण्यात आरओचं पाणी मिसळावं.

केएच वाढवायचा तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा सुमारे १ अंश देतो. तो थोडाथोडा, विरघळवून घालावा.

खडे पारखून घ्या: टाकीत घालण्याआधी नदीकाठच्या खड्यांवर व्हिनेगर टाका. फेस आला तर त्यात चुनखडी आहे. ती विरघळून जडपणा वाढवते. निखळ बेसॉल्ट सहसा फेसाळत नाही.

बोअरचं पाणी बादलीत एअरपंप लावून दिवसभर ठेवा, मगच पीएच मोजा. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेल्यावरच खरा आकडा दिसतो.