टॅपेट वाजतो म्हणून आवळू नका!

पहाटे धारा काढून झाल्या, दुधाचे कॅन गाडीला बांधले आणि गाडी काही किक घेईना. चोक ओढला, प्लग काढून पुसला, तरी नाही. शेवटी पोराला धक्का मारायला लावायचा. डेअरीचं संकलन आपल्यासाठी थोडंच थांबतं? चार गावांचा कारभार पाहणाऱ्या भाऊसाहेबांचीही सकाळी हीच तऱ्हा.

शेतकरी बंधू-भगिनींनो, अशा वेळी आपला पहिला संशय प्लगवर, दुसरा पेट्रोलवर आणि तिसरा कार्बोरेटरवर जातो. टॅपेट मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. तो ध्यानात येतो वाजायला लागल्यावर. मग आपण मेकॅनिकला म्हणतो, "जरा आवळून टाक, आवाज बंद झाला पाहिजे." खरी चूक होते ती इथेच.

आधी टॅपेट म्हणजे काय ते समजून घेऊ. इंजिनाच्या हेडमध्ये दोन व्हॉल्व्ह असतात. एक पेट्रोल-हवा आत घेतो, दुसरा धूर बाहेर सोडतो. या व्हॉल्व्हच्या डोक्यावर रॉकर दाब देतो. रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यात बारीकशी फट ठेवलेली असते. तोच टॅपेटचा गॅप. विहिरीवरचं डिझेल इंजिन ज्यांनी सांभाळलं आहे, त्यांना हे नवीन नाही.

ही फट कशासाठी? बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार ती आधी तापवतो. तापली की ती वाढते, म्हणून चाकावर बसते. व्हॉल्व्हचंही तसंच. इंजिन तापलं की त्याची दांडी लांबते. त्या वाढीला जागाच ठेवली नाही, तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. कॉम्प्रेशन निसटतं, गाडी किक घेत नाही, चढाला दम सोडते. धुराचा व्हॉल्व्ह तर आपली उष्णता सीटला टेकूनच सोडतो. तो टेकलाच नाही तर हळूहळू जळतो. मग हेड उतरवण्याचा खर्च चुकत नाही.

दुसरी गोष्ट अशी, की व्हॉल्व्ह आणि सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि गॅप आपोआप कमी होतो. म्हणजे आवाज वाढत नाही, उलट थांबतो! गाडी एकदम गप्प झाली म्हणून खूश होऊ नका. थोडा वाजणारा टॅपेट परवडला, मुका टॅपेट परवडत नाही.

हे काम घरी होण्यासारखं आहे का? साध्या स्क्रूचा टॅपेट असेल तर जरूर होतं. १९८५ साली आलेली सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर ही त्यातली घराघरांत पोचलेली उदाहरणे. सीडी १०० ला दोन्ही व्हॉल्व्हचा गॅप ०.०५ मिलिमीटर ठेवतात. मात्र आपल्या गाडीच्या पुस्तिकेत छापलेला आकडाच खरा मानावा. काही गाड्यांत हायड्रॉलिक टॅपेट असतात, त्यांना हात लावायचं कारणच नाही.

०.०५ मिलिमीटर म्हणजे तुमच्या हातातल्या या वर्तमानपत्राच्या कागदापेक्षाही पातळ. दाढीचं ब्लेड घालून गॅप पाहणारे पुष्कळ आहेत. पण ब्लेड साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे दुप्पट जाड असतं. तेव्हा अंदाज नको, फिलर गेज विकत घ्या. एक गेज साऱ्या वस्तीला पुरतं.

आता कृती. गाडी रात्रभर उभी असावी, इंजिन पूर्ण थंड हवं. गरम इंजिनावर घेतलेलं माप चुकतंच. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, किल्ली बंद. हेडभोवतीची माती चिंधीने पुसा, नाहीतर ती सरळ आत जाईल. प्लग काढा, म्हणजे इंजिन हलकं फिरतं. टॅपेटची दोन्ही झाकणं काढा. डाव्या बाजूला मॅग्नेटच्या कव्हरवरची दोन्ही गोल झाकणंही काढा.

मधल्या भोकातून बॉक्स पाना घालून मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेने सावकाश फिरवा. वरच्या भोकात 'टी' अक्षराची रेघ कव्हरच्या खाचेसमोर आणा. शेजारी 'एफ' ची रेघ असते, ती नव्हे. आता दोन्ही रॉकर बोटांनी हलवून पाहा. किंचित खेळ असेल तर जागा बरोबर. रॉकर ताठ लागले तर आणखी एक पूर्ण फेरा देऊन पुन्हा 'टी' जुळवा. ही खूण न पाहता केलेलं सेटिंग फुकट जातं.

मग गेजची पाती स्क्रू आणि व्हॉल्व्हच्या मध्ये घाला. दोन बोटांत धरलेला कागद ओढताना लागतो, तेवढीच ओढ लागावी. त्याहून जाड पाती आत जाता कामा नये. फरक असेल तर चेकनट सैल करून स्क्रू अगदी थोडा फिरवा. आवळला की गॅप कमी, सोडला की जास्त. स्क्रू जागच्या जागी धरूनच चेकनट आवळा आणि पाती घालून पुन्हा तपासा. नट आवळताना स्क्रू फिरतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कार्बोरेटरच्या बाजूचा व्हॉल्व्ह आत घेणारा, सायलेन्सरच्या बाजूचा धुराचा. दोन्ही तपासा.

शेवटी झाकणांच्या रबरी रिंगा पाहा, तडकलेल्या असतील तर बदला. थोडं ऑइल लावून बसवा, बेताने आवळा.

पहिल्यांदा हे काम जाणकार मेकॅनिकला शेजारी बसवून करावं, त्यात कमीपणा नाही. नीट लावलेला गॅप थोड्याच दिवसांत पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर मात्र सीट गेली समजा आणि गाडी गॅरेजला न्या. तेव्हा स्क्रू सोडत बसलात, तर नुसता वेळ जातो आणि व्हॉल्व्ह जळतच राहतो.

बैलाचे खूर आपण तो लंगडायच्या आधी पाहतो. गाडीचा टॅपेटही तसाच, तो गप्प व्हायच्या आधी पाहावा.